बोटाचा ठसा उमटला नाही तर जबाबदारी कुणाची?

युरोपात शिरताना पासपोर्टवर शिक्का मारायची पद्धत आता जातेय आणि त्याऐवजी मशीनसमोर उभं करून चेहऱ्याचा फोटो घेतात, बोटं तपासतात, हे एव्हाना मुंबईत बऱ्याच जणांच्या कानावर आलंय. एंट्री-एक्झिट सिस्टीम असं तिचं नाव, सगळे ईईएस म्हणतात. १२ ऑक्टोबर २०२५ ला ती २९ देशांत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि १० एप्रिल २०२६ ही तारीख सगळीकडे पूर्ण लागू करायची म्हणून ठरवली होती. यावर व्हॉट्सअॅपवर जे काही फिरतंय ते वाचून माझी चिडचिड होते, कारण सगळ्या सूचना एकाच माणसाला असतात, प्रवाशाला. लवकर निघा, बोटांना क्रीम लावा, मेंदी काढू नका, कागद जवळ ठेवा, घाबरू नका. बरोबर आहे, हे सगळं करावंच. पण ज्यांनी व्हिसाची फी घेतली, ज्यांनी टूर विकली, ज्यांनी मशीन बसवलं आणि ज्यांनी आपल्याला पासपोर्ट दिला त्यांनी काय तयारी केली हे कुणीच विचारत नाही, आणि मला वाटतं खरा प्रश्न तिथेच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण यातच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा, म्हणजे या २९ देशांचा सामायिक व्हिसा, घेऊन जाणाऱ्यांना बोटं देणं नवीन नाही. २ नोव्हेंबर २०१५ पासून आपण व्हिसा सेंटरमध्ये दहाही बोटांचे ठसे देतोय, ते व्हिसाच्या वेगळ्या डेटाबेसमध्ये असतात. त्यामुळे ईईएसमध्ये आपल्या बोटांची परत नवी नोंदणी होत नाही, सीमेवर आपली बोटं त्या जुन्या ठशांशी जुळवून बघतात आणि नवीन म्हणून चेहऱ्याचा फोटो घेतात. चार बोटांची नवी नोंदणी आहे ती व्हिसा न लागणाऱ्यांची, म्हणजे ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन, जपानी लोकांची. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो घेतात. याला वेगळी फी नाही, आधी वेबसाइटवर जाऊन फॉर्म भरायचा नाही, त्यामुळे तसं सांगून कुणी पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा. आणि ईटीआयएएस म्हणून २० युरोची जी परवानगी येऊ घातलीय ती व्हिसा न लागणाऱ्यांसाठी आहे, ती लंडनच्या भाच्याला ब्रिटिश पासपोर्टमुळे लागेल, ठाण्याच्या काकांना नाही, त्यांना व्हिसाच लागतो.

ब्रिटनमध्ये यावरून मोठी ओरड झाली, आम्हाला असं रांगेत उभं करून बोटं दाबायला लावतात म्हणून. त्यांचा त्रास खरा आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण आपल्याकडचे लोक दहा वर्षं अर्धा दिवस रजा टाकून, व्हिसा सेंटरच्या एसी हॉलमध्ये टोकन घेऊन बसून हेच करत होते तेव्हा ही बातमी कुठेच नव्हती, आणि आपणही ती बातमी आहे असं कधी म्हटलं नाही. जायचंय ना, मग द्यायचं, इतकं आपण ते अंगवळणी पाडून घेतलं. २०२४ साली भारतातून शेंगेन व्हिसाचे ११ लाखांहून जास्त अर्ज गेले, त्यातले साधारण १ लाख ६५ हजार नाकारले गेले. मोठ्या माणसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि नाकारला तरी ती परत मिळत नाही. इतके पैसे भरणाऱ्या लोकांना काही विचारायचा हक्क आहे असं मला मनापासून वाटतं.

आता बोटांकडे येऊ. माझ्या मावशीचं वय पंचाहत्तरच्या पुढे, आयुष्यभर स्वतः भांडी घासली, विळीवर भाजी चिरली, धुणं धुतलं, लेकीकडे जायचं म्हणून मी तिला व्हिसा सेंटरला घेऊन गेलो होतो. समोरचा मुलगा सभ्य होता, पण त्याचं एकच चाललेलं, "आजी, जरा जोरात दाबा", "आजी, हात धुवून या", "आजी, परत". ती दरवेळी उठून जायची, हात धुवायची, पदराला पुसायची, परत बसायची, आणि शेवटी मला हळूच म्हणाली, "माझ्यामुळे तुझा व्हिसा अडकायचा नाही ना रे?" मला तो प्रश्न ऐकून फार वाईट वाटलं. बोटाचा ठसा मशीनने वाचला नाही आणि अपराधी वाटतंय ते पंचाहत्तर वर्षांच्या बाईला.

रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा लागत नाही म्हणून परत फिरलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिलीत. कारणं काही गूढ नाहीत. वयाबरोबर कातडी कोरडी आणि सैल होते, ठशाच्या रेषा सपाट होतात. सिमेंट, चुना, साबण, ब्लीच, दोरखंड, केमिकल यांत काम करणाऱ्यांच्या रेषा झिजतात. इसब असलं तर कातडी सोलवटते. कॅन्सरच्या कॅपेसिटाबिन नावाच्या औषधाने तळहात आणि बोटांची कातडी सोलून ठसेच जाऊ शकतात, सिंगापूरच्या एका वयस्क पेशंटला डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेच्या विमानतळावर याच कारणाने चार तास अडवून ठेवलं होतं आणि त्याच्या डॉक्टरांनी पुढच्या वर्षी ते मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं, की असं औषध घेणाऱ्यांनी प्रवासात डॉक्टरची चिठ्ठी जवळ ठेवावी. आपल्याकडे किती कॅन्सर पेशंट हे औषध घेत असताना मुलांना भेटायला परदेशी जातात! त्यांना हे ओपीडीत कुणी सांगतं का? परळच्या हॉस्पिटलांच्या आसपास राहणाऱ्या कुठल्याही माणसाला या प्रश्नाचं वजन कळेल.

आणि लग्नाच्या सीझनमधलं एक. लग्न झालं की चार दिवसांत हनिमूनला स्वित्झर्लंड, मुलीच्या दोन्ही हातांवर बोटांच्या टोकापर्यंत गडद मेंदी. मेंदीच्या थराने ठसा नीट उठत नाही, व्हिसाच्या सूचनांमध्येही बोटांवर मेंदी नको असं लिहिलेलं असतं, पण व्हिसा दोन महिने आधी झालेला असतो आणि सीमेवर परत बोटं तपासणार हे लक्षातच नसतं. टोकं सोडून मेंदी काढा एवढं सांगितलं की काम होतं, ते सांगायला लग्नाच्या धावपळीत कुणाला सुचणार? तिकीट विकणाऱ्याला सुचायला हवं, त्याचा तो धंदाच आहे.

बरं, कायद्यात सोय नाही का? आहे, आणि हेच मला सांगायचंय. ईईएसचा जो मूळ युरोपियन कायदा आहे, २०१७ चा, क्रमांक २०१७/२२२६, त्यात स्पष्ट आहे की ज्याचे ठसे देणं शारीरिकदृष्ट्या शक्यच नाही त्याला त्यातून सूट आहे, आणि तात्पुरतं शक्य नसेल, म्हणजे बोटाला बँडेज वगैरे असेल, तर तशी नोंद करून पुढे सोडायचं आणि बाहेर पडताना किंवा पुढच्या वेळी घ्यायचे. चारच्या ऐवजी दोनच बोटं उठत असतील तर दोनच घ्यायची. शेंगेन व्हिसाच्या नियमांतही दहा बोटांबद्दल असंच आहे. म्हणजे मावशीने त्या हॉलमध्ये घाबरायचं काही कारणच नव्हतं. पण हे तिला कुणी सांगितलं नाही, त्या मुलालाही कदाचित कुणी सांगितलं नसेल.

त्याच कायद्यात आणखी एक कलम आहे, ते वाचल्यावर मला बरं वाटलं. प्रवाशाला लेखी माहिती द्यायची, काय घेतोय, कशासाठी घेतोय, किती काळ ठेवणार, चूक असेल तर कुणाकडे दुरुस्ती मागायची, आणि ती माहिती सोप्या शब्दांत आणि त्या माणसाला समजेल किंवा समजत असेल असं धरायला वाजवी कारण असेल अशा भाषेत द्यायची. आता मला सांगा, बारामतीहून, चिपळूणहून, डोंबिवलीहून पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या आजी-आजोबांना इंग्रजी किंवा जर्मन समजतं असं धरायला काय वाजवी कारण आहे? मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर लोक आहेत. मुंबईत जर्मनी, फ्रान्स, इटली यांच्या वकिलाती आहेत. मराठीत एक पानी पत्रक काढायला अडचण पैशांची नाही, कुणी मागितलंच नाही एवढीच आहे.

वयाचाही मुद्दा आहे. चीनने २०१८ मध्ये परदेशी माणसांचे ठसे घ्यायला सुरुवात केली तेव्हा १४ ते ७० अशी वयाची मर्यादा घातली, सत्तरच्या पुढच्यांना सूट. युरोपने खाली बारा वर्षांची रेघ मारली, वर मारलीच नाही. लहान मुलांचे ठसे घेणं बरोबर नाही हे ज्यांना कळलं त्यांना ऐंशी वर्षांच्या माणसाचे ठसे उठत नाहीत हे कळू नये? अमेरिकेत तर उलटा प्रवास झाला, तिथे पूर्वी १४ च्या खालच्यांना आणि ७९ च्या वरच्यांना सूट होती आणि २६ डिसेंबर २०२५ पासूनच्या नव्या नियमात येताना-जाताना सगळ्याच परदेशी नागरिकांचे फोटो घ्यायचे म्हणून ती सूटच काढली. फोटोपुरतं मी एकवेळ समजू शकतो, फोटोला हाताची कातडी लागत नाही. पण ठशांसाठी वरची वयोमर्यादा असली पाहिजे, सत्तर म्हणा, पंचाहत्तर म्हणा, आणि त्यापुढे चेहरा आणि कागद एवढ्यावर भागवलं पाहिजे.

हे अशक्य आहे असं कुणी म्हणू नये, कारण आपल्याच देशात दोन ठिकाणी हे झालंय. पेन्शनरांचा हयातीचा दाखला अंगठा लावून ऑनलाइन द्यायची सोय २०१४ मध्ये आली, आणि अंगठा लागत नाही म्हणून हाल होतात हे दिसल्यावर २०२१ मध्ये मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला देता यायला लागला. दुसरं उदाहरण तर आपल्या मुंबईचंच. जहाजावर काम करणाऱ्यांचं बायोमेट्रिक ओळखपत्र डायरेक्टर जनरल ऑफ शिपिंगच्या अखत्यारीत निघतं, त्यात बोटांच्या ठशांऐवजी चेहऱ्याचा बायोमेट्रिक वापरलाय. ज्यांचे हात दोर, ग्रीस आणि खारं पाणी यात असतात त्यांच्यासाठी हाच निर्णय योग्य होता. म्हणजे मनात आलं तर यंत्रणा माणसाप्रमाणे बदलता येते.

चेहरा म्हणजे सगळं आलबेल असंही नाही, हे सांगितलं नाही तर अर्धंच बोलल्यासारखं होईल. अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये ९९ कंपन्यांचे चेहरा ओळखायचे १८९ अल्गोरिदम, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅम, तपासून रिपोर्ट दिला, त्यात बऱ्याच अल्गोरिदममध्ये आशियाई आणि आफ्रिकी चेहऱ्यांच्या बाबतीत एकाला दुसराच समजण्याची चूक गोऱ्या चेहऱ्यांपेक्षा १० ते १०० पट जास्त निघाली, बायका आणि म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीतही जास्त. चांगल्या अल्गोरिदममध्ये हा फरक फारच कमी होता, तेही त्यात आहे, आणि तंत्रज्ञान तेव्हापासून पुढे गेलंय. माझं म्हणणं एवढंच की मशीन नाही म्हणालं तर तो शेवटचा शब्द नसावा, बाजूला एक माणूस असावा ज्याला पासपोर्ट बघून, बोलून, डोळ्यांनी ताडून हो म्हणायचा अधिकार आहे आणि वेळही आहे.

वेळ हा शब्द मुद्दाम वापरला. डिसेंबर २०२५ मध्ये एसीआय युरोप या विमानतळांच्या संघटनेने सांगितलं की सीमेवर लागणारा वेळ ७० टक्क्यांपर्यंत वाढलाय आणि गर्दीच्या वेळी तीन तासांपर्यंत थांबावं लागतंय. त्याच महिन्याच्या शेवटी पोर्तुगालने लिस्बन विमानतळावर ही यंत्रणा तीन महिन्यांसाठी थांबवली. आता मुंबईची विमानं बघा, मध्यरात्रीनंतर सहारहून निघतात, पहाटे-सकाळी फ्रँकफर्ट, पॅरिस, अॅमस्टरडॅम, झुरिकला उतरतात, तेव्हाच इतर ठिकाणचीही उतरतात. ज्यांना पुढे रोमला किंवा प्रागला जायचंय त्यांचं इमिग्रेशन या पहिल्याच विमानतळावर होतं, रोमला नाही, आणि हे बऱ्याच जणांना तिथे पोचल्यावर कळतं. टूरवाले दीड तासाचं कनेक्शन देतात कारण ते स्वस्त पडतं. चाळीस जणांचा ग्रुप, त्यात निम्मे साठीच्या पुढचे, दोन व्हीलचेअर, आणि त्या दीड तासात फोटो, बोटं, प्रश्नोत्तरं! विमान चुकलं तर टूर मॅनेजर बिचारा धावाधाव करतो, पण ते तिकीट त्याने काढलेलं नसतं. कनेक्शनला कमीत कमी तीन-चार तास ठेवणं ही टूर कंपनीची तयारी आहे, प्रवाशाची नाही. अमेरिकेला जाताना फ्रँकफर्टला नुसतं विमान बदलणाऱ्यांना मात्र ईईएस लागत नाही, ते ट्रान्झिटमध्येच राहतात, त्यांनी उगाच टेन्शन घेऊ नये.

सगळ्यात जास्त काळजी मला वाटते ती लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आयांची. पूर्वी दिवस मोजायचे ते शिक्के बघून, ऑफिसर पानं उलटायचा, कधी शिक्का पुसट, कधी भलत्याच पानावर, एखाद दिवस इकडेतिकडे चालून जायचा. आता मशीन मोजतं, कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस, येण्याचा आणि जाण्याचा दिवस दोन्ही धरून. समजा आई १ मे ला जर्मनीला पोचली आणि २९ जुलैला निघाली, तर तिचे नव्वद दिवस तिथेच संपले. गणपतीला ती घरी, ठीक. पण दसऱ्याला नातवाचा चेहरा बघायला परत जाऊ म्हणाली तर नाही जाता येणार, २८ ऑक्टोबरच्या आधी तिला पाऊल ठेवता येत नाही. एप्रिल २०२४ पासून भारतीयांना आधीचे दोन व्हिसे नीट वापरले असतील तर दोन वर्षांचा आणि मग पाच वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळायची सोय झालीय, चांगली गोष्ट आहे, पण हातात पाच वर्षांचा व्हिसा असला की लोकांना वाटतं कितीही राहा. एक दिवस जरी जास्त झाला तरी मशीन ती नोंद ठेवतं, बाहेर पडल्याची नोंद नसेल तर पाच वर्षं, एरवी बाहेर पडल्यापासून तीन वर्षं आणि एक दिवस. त्याचा परिणाम पुढच्या व्हिसावर होऊ शकतो.

आणि मशीनचीच चूक झाली तर? गर्दीत बाहेर पडल्याची नोंदच झाली नाही असं होऊ शकतं. मग कायदा असं धरतो की तुम्ही जास्त राहिलात, आणि उलट सिद्ध करायची जबाबदारी तुमची, विमानाची तिकिटं किंवा तुम्ही बाहेर होतात याचा पुरावा दाखवून. म्हणून बोर्डिंग पास फेकू नका, मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, मुंबईत परतल्यावर आपल्या इमिग्रेशनचा शिक्का बसला की त्या पानाचाही फोटो काढून ठेवा. हे करा, मी पण घरच्यांना करायला लावतो. पण नोंद ठेवायला कोट्यवधी युरोचं मशीन त्यांचं, चूक मशीनची, आणि पुरावा सांभाळायचा सत्तर वर्षांच्या बाईने, हे मला मान्य नाही. निदान प्रत्येक वेळी आत आणि बाहेर जाताना नोंद झाल्याची चिठ्ठी किंवा मेसेज प्रवाशाच्या हातात पडायला हवा. आपल्याला दहा रुपये यूपीआयने दिले तरी मेसेज येतो.

याच्यावर ठरलेलं उत्तर येतं, त्यांच्या घरी जायचंय तर त्यांचे नियम पाळा, आणि लपवायला काही नसेल तर बोटं द्यायला काय जातंय. पहिलं म्हणणं मला पटतं. कुठल्या देशाने कुणाला घ्यायचं हे त्याने ठरवावं, आणि बोटं द्यायला नकार दिला तर ते प्रवेश नाकारणार, त्यात वाद नाही. बायोमेट्रिकचे फायदेही आहेत, एकाच नावाचे दोन प्रवासी असले तर निरपराध माणूस दरवेळी अडकत नाही, लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची जुनी आणि नवी ओळख जुळते, चोरलेल्या पासपोर्टवर दुसरा कुणी जाऊ शकत नाही. पण दुसरं म्हणणं, लपवायला काही नाही तर बोला कशाला, हे भारतीय माणसाने तरी म्हणू नये.

कारण बोटांच्या ठशांनी माणूस ओळखायची सरकारी पद्धत आपल्याच मातीत वाढलीय. १८५८ मध्ये बंगालमध्ये हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने एका करारावर ठेकेदाराच्या हाताचा ठसा घेतला, १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं ब्युरो निघालं, आणि ठशांचं वर्गीकरण बसवायचं मोठं काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांनी केलं, नाव मात्र त्यांच्या वरिष्ठ हेन्री साहेबाचं लागलं. आणि मग १९०६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सव्हालच्या सरकारने तिथल्या भारतीयांनी ठसे देऊन नोंदणी करावी, परवाना जवळ बाळगावा असा फतवा काढला तेव्हा ११ सप्टेंबर १९०६ ला जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरमध्ये सभा भरली आणि तिथून सत्याग्रह सुरू झाला. १६ ऑगस्ट १९०८ ला हमीदिया मशिदीच्या आवारात लोकांनी ते परवाने जाळले. पण मधल्या काळात, १९०८ च्या सुरुवातीला, गांधीजी तडजोडीत स्वेच्छेने ठसे द्यायला तयार झाले होते, त्यावरून त्यांच्यावर आपल्याच एका माणसाने हल्लाही केला. म्हणजे त्यांचा विरोध बोटाला शाई लावण्याला नव्हता, एका समाजाला गुन्हेगार धरून सक्ती करण्याला होता. ठसे द्यायचे की नाही याच्याआधी कुठल्या अटीवर, कुठल्या मानाने, हा प्रश्न त्यांनी विचारला, आणि मला आजही तोच प्रश्न योग्य वाटतो. ईईएसमध्ये गोऱ्या-काळ्याचा भेद कागदावर तरी नाही, ब्रिटिश आणि अमेरिकनही त्याच रांगेत आहेत, हा फरक प्रामाणिकपणे मान्य करायला हवा.

आणि हे सगळं फक्त युरोपला सुनावून चालणार नाही. जपान २००७ पासून ठसे आणि फोटो घेतं. कुवेतने तिथे राहणाऱ्या सगळ्या परदेशी लोकांना २०२४ संपायच्या आत बायोमेट्रिक द्यायला लावलं, नाही दिलं तर सरकारी कामं बंद, त्यात आपल्या रत्नागिरी-रायगडचे किती जण होते, त्यांच्यासाठी मराठीत कुणी एक ओळ लिहिली होती? आणि आपला देशही तेच करतो. मुंबई विमानतळावर जानेवारी २०२५ पासून फास्ट ट्रॅक इमिग्रेशनचे ई-गेट आलेत, आपले नागरिक आणि ओसीआय कार्डवाले (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक) एकदा ठसे आणि फोटो दिले की पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत, जे आधी संपेल तोपर्यंत, पटकन बाहेर. फुकट आहे, सोयीचं आहे, करून घ्यावं, फक्त त्याचा युरोपच्या तपासणीशी काही संबंध नाही हे लक्षात ठेवा. डिजियात्रा, म्हणजे चेहरा दाखवून विमानतळात शिरायची सोय, वेगळं, ते देशातल्या देशात, आणि ते चालवणारी संस्था सरकारी खातं नाही, एअरपोर्ट अथॉरिटी आणि खासगी विमानतळ कंपन्यांची मिळून आहे. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा झाला, पण त्यात केंद्र सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून सूट द्यायचा अधिकार ठेवलाय. युरोपच्या कायद्यात निदान किती वर्षं ठेवणार, कोण बघणार, पोलिसांना कधी बघता येणार, दुरुस्ती कुठे मागायची हे लिहिलेलं आहे. आपल्या सरकारकडे हे मागितल्याशिवाय दुसऱ्यांकडे मागायला तोंड उरत नाही, म्हणून दोन्हीकडे मागायचं.

मागायचं म्हणजे काय, तर सगळ्यात आधी टूर कंपन्यांकडे. निघायच्या आधी दादर-पार्ल्याच्या हॉलमध्ये जी मीटिंग होते त्यात स्वेटर किती घ्यायचे, चिवडा-चकली चालेल का, प्लग कुठला लागतो हे सगळं छान समजावतात. तिथे दहा मिनिटं सीमेवरच्या तपासणीला द्या, ठसे नाही उठले तर काय म्हणायचं ते एका कार्डावर मराठीत आणि इंग्रजीत छापून प्रत्येक ज्येष्ठाच्या गळ्यात अडकवा, की माझे ठसे वयामुळे किंवा आजारामुळे उठत नाहीत, कृपया कायद्यातली सूट लावून पासपोर्ट आणि चेहऱ्यावरून तपासा. व्हिसा सेंटरनी ठसे पूर्ण उठले नाहीत तर तशी लेखी पोच द्यावी, म्हणजे सीमेवर तीच पोच दाखवता येईल. चिपवाला नवा ई-पासपोर्ट आपल्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो, त्याच्याबरोबर घरपोच येणाऱ्या पाकिटात मराठीतलं एक पत्रक घालायला पोस्टाचा खर्चही वाढत नाही. आणि सत्तरच्या पुढच्यांना ठशांतून सूट हा मुद्दा व्यापाराच्या आणि व्हिसाच्या बोलण्यात आपल्या परराष्ट्र खात्याने युरोपपुढे ठेवावा, ठेवला आहे का हे मुंबईच्या खासदारांनी लोकसभेत प्रश्न टाकून विचारावं, कारण दरवर्षी मे महिन्यात सहारच्या टर्मिनलवर मुलांना भेटायला निघालेले हे आई-बाप त्यांचेच मतदार आहेत.